ॲक्सोलॉटल गांडूळ तोंडात घेऊन थुंकतो

प्रश्न : आमच्याकडे दीड वर्षाचा, वीतभर लांबीचा ॲक्सोलॉटल (कायम पाण्यात राहणारा, सरड्यासारखा दिसणारा उभयचर प्राणी) आहे. गेल्या नऊ दिवसांत त्याने काहीही खाल्लेले नाही. रावेरला चुलत्यांच्या केळीच्या मळ्यात गांडूळखताचे वाफे आहेत. तेथून आणलेले ताजे गांडूळ समोर धरले की तो झडप घालत असे आणि लगेच थुंकून टाकत असे. दोन दिवसांपासून तर झडपही घालत नाही. पाणी टँकरचे असते. मागच्या आठवड्यात काचेची टाकी फिल्टरच्या स्पंजासह स्वच्छ धुतली. तळाला रंगीत खडे आहेत. काय करावे?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : आपण गांडुळांबद्दल, स्पंजाबद्दल आणि खड्यांबद्दलही लिहिले आहे, परंतु पाण्याचे तापमान कोठेच दिलेले नाही, आणि एप्रिलमध्ये भुसावळहून आलेल्या पत्रात मी सर्वांत आधी तेच शोधतो. हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्को येथील थंड पाण्याचा. त्याला 16 ते 18 अंश सेल्सिअस पाणी मानवते, 20 पर्यंत तो निभावून नेतो आणि 24 च्या पुढे आजारी पडू लागतो. आपल्याकडे बाहेर पारा 43-44 वर असताना बंद खोलीतल्या टाकीचे पाणी सहज 30 च्या आसपास जाते. अशा पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तर प्राण्याच्या शरीराची प्राणवायूची गरज मात्र वाढते, आणि या ओढाताणीत भूक सर्वांत आधी जाते. त्याच्या डोक्यामागचे पिसांसारखे कल्ले पुढे वळलेले आणि शेपटीचे टोक आकड्यासारखे वाकलेले दिसत असेल, तर त्याला पाण्याचा त्रास होत आहे असे समजावे.

म्हणून आज गांडूळ बाजूला ठेवून आधी टाकीत तापमापक लावावा. टाकीवरचे काचेचे झाकण काढून त्या जागी जाळी बसवावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा छोटा पंखा लावावा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने हे पाणीही तीन-चार अंशांनी उतरते. मात्र पावसाळी दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही, आणि उडून गेलेले पाणी रोज भरावे लागते. बर्फाच्या बाटल्या टाकल्याने तापमान दिवसभर वरखाली होते आणि तेही त्याला बाधते. खरे सांगायचे तर खान्देशात पाणी थंड करणारा चिलर किंवा दिवसरात्र वातानुकूलित खोली नसेल, तर हा प्राणी पाळूच नये असे माझे मत आहे. पण तो आता आपल्या घरी आहे, तेव्हा निदान जूनअखेरपर्यंत तरी ही सोय करावीच लागेल.

दुसरा संशय त्या धुतलेल्या स्पंजावर आहे. विष्ठेतून निघणाऱ्या ॲमोनियाचे रूपांतर करणारे उपयुक्त जिवाणू त्याच स्पंजात वस्ती करून असतात. क्लोरिनच्या पाण्याने तो धुतला की ते मरतात आणि टाकीत ॲमोनिया साचू लागतो. पाणी जितके गरम, तितका हा ॲमोनिया अधिक विषारी. मत्स्यालयाच्या दुकानात तपासणी किट मिळते. ॲमोनिया आणि त्यापासून बनणारे नायट्राइट दोन्ही शून्य असायला हवेत. तसे नसेल तर रोज एक चतुर्थांश पाणी बदलावे. टँकरच्या पाण्यात क्लोरिन किती असते याचा भरवसा नसल्याने ते क्लोरिन काढणारे औषध घालूनच वापरावे, आणि गच्चीवरच्या टाकीतले तापलेले पाणी तर सरळ ओतूच नये. पुढे स्पंज धुवायचा झाला तर तो याच टाकीतून काढलेल्या पाण्यात नुसता पिळावा.

आता गांडुळाकडे येऊ. खताच्या वाफ्यातले बारीक, तांबडे, पट्टेदार गांडूळ बहुधा आयसेनिया फेटिडा या जातीचे असतात. डिवचले की ते पिवळसर कडवट द्रव सोडतात, आणि तोंडात घेऊन थुंकण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. त्याऐवजी फवारणी न झालेल्या ओल्या मातीतले जाड गांडूळ धुऊन, लहान तुकडे करून द्यावेत. केळीच्या बागेतले, जेथे औषधे पडतात तेथले, मात्र टाळावेत.

खड्यांचे काय? ॲक्सोलॉटल चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य ओढून घेतो, त्यामुळे खडाही पोटात जातो आणि आतडे तुंबते. खडे आजच काढून तळ मोकळा ठेवावा. विष्ठा होत नसेल, पोट एका बाजूने फुगले असेल किंवा तो उलटा तरंगत असेल, तर उभयचर प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकांना गाठावे. अशा वेळी ॲक्सोलॉटलला फ्रिजमध्ये ठेवण्याचा जो उपाय सर्रास सुचवला जातो, तो त्यांना विचारल्याशिवाय करू नये; गरम पाण्यातून एकदम पाच-सहा अंशांत टाकणे हा त्याला आणखी एक धक्का ठरतो.

पूर्ण वाढलेला निरोगी ॲक्सोलॉटल दोन आठवडे उपाशी राहू शकतो, म्हणून तोंड उघडून बळेच भरवण्याचा प्रयत्न करू नये. पाणी 20 अंशांखाली आल्यावर दोन-तीन दिवसांनी, रात्री दिवा मालवून, चिमट्याने एक तुकडा त्याच्या नाकाजवळ हळू हलवावा. त्याची दृष्टी कमजोर असते, तो वासावर आणि हालचालीवर येतो. दहा मिनिटांत घेतला नाही तर तुकडा काढून टाकावा आणि पुन्हा एक दिवसाआड प्रयत्न करावा.