चौदाव्या वचनानंतर

‘मॅडम, माझा विश्वास कमी पडतोय का?’

वसईहून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या 19 वर्षांच्या मुलीनं बसल्या बसल्या हेच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) ती यष्टिरक्षक. दोन निवड चाचण्या झाल्या, दोन्ही याद्यांत नाव नाही. सकाळची मिस्सा (चर्चमधली उपासना), नेट्स, कॉलेज, यांत खाडा नव्हता. झोप मात्र पार उडालेली. संध्याकाळच्या रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, आई तिच्या निवडीसाठी एक प्रार्थना वाढवायची, आणि उत्तर येत नाही म्हणजे खोट आपल्यातच, असं पोरीनं ठरवून टाकलेलं. रडायची ती बाथरूममध्ये, नळ सोडून.

वहीच्या पहिल्या पानावर बायबलमधलं ‘निर्गम’ 14:14 लिहिलेलं: परमेश्वर तुमच्यासाठी लढेल, तुम्ही शांत राहा. ‘जेमिमा हेच म्हणाली होती ना?’

म्हणाली होती. 30 ऑक्टोबर 2025, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, महिला क्रिकेट विश्वचषकाची उपांत्य फेरी. ऑस्ट्रेलियाविरुद्ध 339 धावांचं लक्ष्य, त्यात वांद्र्याच्या जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद 127. नंतर रडत तिनं येशूचे आभार मानले. शेवटी दमल्यावर हेच वचन म्हणत होते, असं सांगितलं.

अशी उदाहरणं मीही सर्रास द्यायचे. आता जपून देते. ऐकणाऱ्याला फक्त विजय दिसतो आणि मनात हिशेब सुरू होतो: तिनं मागितलं, तिला मिळालं; मी मागितलं, मला नाही. मी विचारलं, ‘त्या दिवशी समोरच्या संघात कुणीच प्रार्थना केली नसेल का गं?’ ती पहिल्यांदा हसली.

मग आम्ही त्या सामन्याच्या आधीचे दिवस पाहिले. त्याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्ध जेमिमाला वगळलं होतं. अस्वस्थता इतकी की ती आईला फोन करून रडायची, संघातल्या अरुंधती रेड्डीसमोर जवळजवळ रोज रडायची. हे तिनं स्वतःच जाहीर सांगितलंय. वचन म्हणणारी मुलगी गप्प बसलेली नव्हती.

‘पंधरावं वचन वाचलंस?’

नव्हतं. तिनं मोबाइलवर काढलं. पुढे समुद्र, मागे इजिप्तचा राजा फारोचं सैन्य, पाणी अजून दुभंगलेलंही नाही; आणि परमेश्वर लोकांच्या पुढाऱ्याला, मोशेला, म्हणतो, माझा धावा का करतोस? लोकांना पुढे चालायला सांग. तिनं ते दोनदा वाचलं.

वचनाचा अर्थ फादरांनी सांगावा, तो माझा प्रांत नाही. झोप माझा प्रांत. भूक, झोप, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, सगळं नीट विचारून घेतलं. तसं काही निघालं असतं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलंच असतं, प्रार्थना चालू ठेवून. घरी एकच काम दिलं: या आठवड्यात एका माणसाला खरं सांगायचं.

तिनं आईला सांगितलं. पुढच्या वेळी आई सोबत आली, दुखावलेली. ‘मी तर तिला आधार देत होते हो.’ देतच होत्या; पण रोज तीच यादी ऐकून लेकीला त्याचं ओझं झालं होतं. रोझरीतली ती प्रार्थना आता तिच्या झोपेसाठी असते. प्रशिक्षकांनाही तिनं धीर करून विचारलं, मी नेमकी कुठे कमी पडते? फिरकीवर लेगसाइडला जाताना पाय उशिरा हलतात, असं उत्तर मिळालं. दोन वर्षांत हे विचारलंच नव्हतं.

पुढच्या यादीतही तिचं नाव नव्हतं. तिनंच फोन करून सांगितलं, मैदानावरून. मी काही बोलणार तोच मागून कुणी हाक मारली. ‘ठेवते मॅडम, ग्लोव्हज घालायचेत.’