सिगारेट-दारू सोडली तर चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जातात का?

पडलेल्या सुरकुत्या सहसा जात नाहीत, पण नव्या पडण्याचा वेग मंदावतो आणि चेहऱ्याचा तजेला बराचसा परततो. निकोटिनने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, धुराने कोलॅजन (त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन) तोडणारी एन्झाइम्स वाढतात. ओठांभोवतीच्या उभ्या रेघा त्यातूनच येतात, शिवाय झुरका घेताना ओठ आवळण्याची भर. रक्तवाहिन्या आकसून त्वचेला रक्त कमी पोचतं, म्हणून तर ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी किमान 4 आठवडे सिगारेट बंद करायला सांगतात. नाहीतर जखम उशिरा भरते, कधी टाक्यांच्या कडेची कातडी काळी पडते. दारूचं उलट: रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा लाल होतो, सोरायसिस (त्वचेवर खवलेदार चट्टे येणारा आजार) किंवा रोझेशिया (चेहऱ्यावर लाली टिकून राहणारा आजार) असेल तर बळावतो. मात्र सुरकुत्यांचा मोठा वाटा उन्हाचा असतो, तेव्हा एसपीएफ 30 चं सनस्क्रीन रोज लावाच.