'अवैध प्रवासी' म्हणावं की 'घुसखोर'?

प्रश्न असा आला आहे: "आसामच्या राजकारणावरचा एक हिंदी लेख मी मराठीत आणतो आहे. त्यात 'अवैध प्रवासी' हा शब्द सारखा येतो. तो तसाच ठेवावा, की सरळ 'घुसखोर' करावा? दोन्ही एकच ना?"

तसाच ठेवू नका, आणि दोन्ही एकच नाहीत.

'अवैध प्रवासी' वाचल्यावर सातारा-सांगलीकडच्या माणसाला वडाप आठवेल. 'अवैध प्रवासी वाहतुकीवर कारवाई' ही जिल्ह्याच्या पानावरची बातमी आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. त्या बातमीत माणसं कोंबलेली जीप असते, सीमा ओलांडून आलेलं कुणी नसतं. 'प्रवास' या संस्कृत शब्दात 'वस्' म्हणजे राहणं हा धातू आहे, आणि मूळ अर्थ घर सोडून दूर राहणं असा आहे. हिंदी आणि बंगालीने तो अर्थ जपला. म्हणून हिंदीत 'प्रवासी भारतीय दिवस' होतो आणि आपण त्याच मंडळींना 'अनिवासी भारतीय' म्हणतो. मराठीत त्यातलं राहणं गळालं आणि जाणं-येणं तेवढं उरलं. हिंदीतल्या नागरिकत्व कायद्यात 'अवैध प्रवासी' ही पारिभाषिक संज्ञा आहे आणि तिथे ती अगदी बरोबर आहे. मराठीत मात्र तिचा अर्थच पालटतो.

'घुसखोर'ची गंमत याच्या उलट आहे. हिंदीत 'घूस' म्हणजे लाच, तेव्हा हिंदी 'घूसखोर' हा आपला लाचखोर. आपण ज्याला घुसखोर म्हणतो त्याला हिंदी 'घुसपैठिया' म्हणते. (मराठीतली घूस म्हणजे तर पोत्यांमागे लपणारा तो मोठा उंदीर. तिचा या शब्दाशी संबंध नाही.) मराठी शब्द 'घुसणे'वरून आला आणि त्याला फारसी '-खोर' लागला, ज्याचा मूळ अर्थ खाणारा. हा प्रत्यय जरा बारकाईने पाहा. भांडखोर, चहाडखोर, दंगेखोर, खंडणीखोर, नफेखोर: एकदा भांडला म्हणून कुणी भांडखोर होत नाही. '-खोर' माणसाची एखादी कृती सांगत नाही, त्याची खोड सांगतो. 'घुसखोर' म्हणताना तुम्ही 'हा परवान्याविना आला' एवढं म्हणत नाही, 'हा तसलाच आहे' असं म्हणता. शिवाय १९९९ साली कारगिलच्या शिखरांवर शस्त्रं घेऊन बसलेल्यांनाही आपण घुसखोरच म्हणत होतो. वीटभट्टीवर विटा वाहणाऱ्या बाईला तोच शब्द लावताना निदान थांबून विचार करायला हवा.

आता कायदा. नागरिकत्व कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने जी व्याख्या आली तिच्यात दोन प्रकारचे परकीय येतात: वैध कागदपत्रांशिवाय आलेला, आणि रीतसर कागदपत्रांवर येऊन मुदत संपल्यावरही राहिलेला. दुसरा कुठेही घुसलेला नाही, तो विमानतळावर शिक्का मारून आत आला. 'घुसखोर' त्याला बसतच नाही.

तुमचा लेख आसामवरचा आहे म्हणून पुढचं थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथे पक्षांमधली आणि पक्षांच्या आतली फूट शब्दांवरूनच ओळखू येते. १९७९ साली मंगलदोईच्या पोटनिवडणुकीच्या मतदारयाद्यांवरून आसाम आंदोलन पेटलं, तेव्हा सुरुवातीला भिंतींवर 'बहिरागत' हा शब्द होता. म्हणजे बाहेरचा, मग तो बिहारचा असो, बंगालचा असो की सीमेपलीकडचा. आपल्या 'परप्रांतीय'च्या जवळचा हा शब्द. थोड्याच काळात तो मागे पडला आणि 'विदेशी' पुढे आला. हा बदल फार महत्त्वाचा होता. 'बहिरागत'विरुद्धची मागणी राज्यघटनेत बसत नव्हती, 'विदेशी'विरुद्धची बसत होती. १५ ऑगस्ट १९८५ च्या आसाम करारात 'विदेशी' हाच शब्द आला आणि त्याला तारीख मिळाली: २५ मार्च १९७१ रोजी किंवा त्यानंतर जो आला तो परकीय, त्याला शोधायचं, मतदारयादीतून वगळायचं, बाहेर काढायचं. यात धर्माचा उल्लेख नाही. याच करारातून पुढे आसाम गण परिषद हा पक्ष जन्मला.

भाजपच्या शब्दसंग्रहात याच लोकांसाठी दोन शब्द आहेत: बांगलादेशातून आलेला हिंदू 'शरणार्थी' आणि मुसलमान 'घुसपैठिया'. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने ही विभागणी कायद्यात आणली. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना 'अवैध प्रवासी' या व्याख्येतूनच वगळलं. 'विदेशी'ची कसोटी तारीख, 'घुसपैठिया'ची धर्म. त्या दोन कसोट्या एकाच आघाडीत राहणं अवघड होतं. जानेवारी २०१९ मध्ये आसाम गण परिषद या विधेयकावरून भाजपसोबतच्या सत्तेतून बाहेर पडली, मार्चमध्ये लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर परत आली आणि डिसेंबरमध्ये राज्यसभेत विधेयकाच्या बाजूने उभी राहिली. तिचेच माजी मुख्यमंत्री प्रफुल्लकुमार महंत विरोधात राहिले. त्या वेळचे भाजपचे मुख्यमंत्री सर्वानंद सोनोवाल हे आसाम आंदोलनाच्या विद्यार्थी संघटनेतून आलेले. परकीय ठरवण्याचा १९८३ चा कायदा २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो त्यांच्याच याचिकेवर. दक्षिण आसामच्या बराक खोऱ्यातल्या बंगाली हिंदूंना हवी असलेली दुरुस्ती ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या असमिया भाषकांना नको होती, आणि भाजपला दोन्हीकडची मतं हवी होती. तुमच्या मूळ लेखात कुणाच्या तोंडी 'विदेशी' आहे आणि कुणाच्या तोंडी 'घुसपैठिया', हे म्हणून जपलं पाहिजे. सगळीकडे 'घुसखोर' केलंत तर भांडण कशावरून आहे तेच वाचकाला कळणार नाही.

महाराष्ट्रातही हे घडलं आहे. जुलै १९९८ मध्ये युतीच्या सरकारने बांगलादेशी म्हणून मुंबईहून रेल्वेने पाठवलेली माणसं हावड्याच्या अलीकडे उलुबेरिया स्थानकावर जमावाने उतरवून घेतली. इथल्या सरकारच्या लेखी ती घुसखोर होती, तिथल्या डाव्या आघाडीच्या लेखी बंगाली बोलणारे भारतीय. आणि २०१९ साली शिवसेनेने याच दुरुस्तीला ९ डिसेंबरला लोकसभेत पाठिंबा दिला, ११ तारखेला राज्यसभेत सभात्याग केला.

'शरणार्थी'बद्दलही तुम्हाला अडेल. मराठीत 'शरण येणं' म्हणजे हत्यार खाली ठेवणं, त्यामुळे 'शरणार्थी'त आसऱ्यापेक्षा हार आधी ऐकू येते. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, आलेल्या सिंधी लोकांना मराठीने 'निर्वासित' म्हटलं, आणि तो शब्द चांगला आहे. घालवून दिलेला, असा त्याचा अर्थ. पण भाजपच्या नेत्याचं वाक्य असेल तिथे 'शरणार्थी'च ठेवा. तो त्यांचा निवडलेला शब्द आहे. इतरत्र 'निर्वासित' लिहा: भारतात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नसल्यामुळे 'निर्वासित' लिहिल्याने कायदेशीर दर्जा वगैरे काही सूचित होतो अशी भीतीही नाही.

लेखकाच्या स्वतःच्या निवेदनात कायद्यातली संज्ञा आली की मी 'बेकायदा स्थलांतरित' लिहीन. एखाद्या माणसाबद्दल वाक्य असेल तर आणखी सोपं करीन: 'परवान्याविना राहणारे बांगलादेशी नागरिक'. यात 'बेकायदा'पणा राहण्याला लागतो, माणसाला लागत नाही. मात्र हेसुद्धा नागरिकत्वाचा निकाल लागलेला असेल तेव्हाच. ३१ ऑगस्ट २०१९ च्या आसामच्या नागरिक नोंदवहीतून (एनआरसी) १९ लाख ६ हजार ६५७ जण बाहेर राहिले. त्यांना हिंदी लेखकाने 'अवैध प्रवासी' म्हटलं असेल तर तिथे मूळ लेखच चुकला आहे. यादीत नाव नसणं म्हणजे परकीय ठरणं नव्हे, ते परकीय न्यायाधिकरणाने ठरवायचं असतं. तिथे 'नोंदवहीत नाव न आलेले' असं लिहा आणि लेखकाला तसं कळवाही.