यवतेश्वरचा घाट उतरण्याआधी

प्रिय पोरी,

तुझा निरोप वाचला. सातारा हिल मॅरेथॉनला नाव घातलंस हे वाचून फार बरं वाटलं. नावात मॅरेथॉन असली तरी ती अर्धी, म्हणजे एकवीस किलोमीटरची. पण तू विचारलंस, "काका, घाटात दमून चालायला लागले तर लोक काय म्हणतील?" या एका प्रश्नासाठी मी वही घेऊन बसलोय. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं.

मी सातारा आगारात ड्रायव्हर होतो. बामणोलीची गाडी याच यवतेश्वरच्या घाटातून वर्षानुवर्षं नेली. भरतीला लागलो तेव्हा जुन्या ड्रायव्हरनी पहिली गोष्ट शिकवली ती ही, की ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. उतारावर गाडी मोकळी सोडली आणि नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवला, तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. हे मला पाठ होतं. तरी पहिल्या वर्षी धावताना विसरलो.

झेंडा पडला तसा मी सुटलो. ढोल-ताशा वाजत होता, रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं टाळ्या वाजवत होती, ओळखीचे चेहरे हाका मारत होते. समर्थ मंदिरापर्यंतचे किलोमीटर कधी सरले कळलं नाही. पुढे घाट लागला तरी थांबलो नाही. बाजूची माणसं भरभर चालत होती, त्यांना मागं टाकताना छाती फुगत होती. वरून परतीला वळलो तेव्हा घड्याळ बघून खूश झालो. उताराला लागलो आणि दोन-तीन किलोमीटरमध्ये मांड्या थरथरायला लागल्या. मग उजव्या पोटरीत असा गोळा आला की कठड्यावर बसावंच लागलं. पाऊस भुरभुरत होता, धुक्यात समोरचं वळण दिसत नव्हतं. मघाशी ज्यांना मागं टाकलं होतं ती सगळी माणसं एकेक करून पुढं गेली. एक कॉलेजचा पोरगा मात्र थांबला. त्यानं माझी टाच एका हातात धरली, दुसऱ्या हातानं चवडा माझ्याच गुडघ्याकडे दाबून धरला आणि गोळा सुटेपर्यंत तसाच उकिडवा बसून राहिला. त्याची स्वतःची वेळ चालली होती. नाव विचारायचं राहून गेलं, ते अजून मनाला लागतं.

तर चढावर चाल. निर्धास्त चाल. चढ चांगला सहा-साडेसहा किलोमीटरचा आहे आणि त्यात श्वासाचा हिशेब ठेवायचा. शेजारच्याशी एक अख्खं वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर. दोन शब्दांत धाप लागली तर त्या वळणापर्यंत चालायचं, श्वास सावरला की पुन्हा छोट्या पावलांनी पळायचं. नजर घाटमाथ्याकडे नको, दहा-बारा फुटांवरच्या डांबरावर असू दे. जाण्या-येण्याचा रस्ता एकच असल्यानं पुढचे धावपटू तुला समोरून उतरताना दिसतील. तेव्हा जीव कासावीस होतो, आपण फारच मागे पडलो असं वाटतं. त्यांच्यासाठी टाळ्या वाजव आणि आपल्या पावलात राहा.

खरी परीक्षा उताराची. चढाला दम लागतो, तो दोन मिनिटांत ओसरतो. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं वजन पेलतो, प्रत्येक पावलाला ब्रेक लावल्यासारखा. त्यात त्याचे बारीक तंतू दुखावतात, म्हणून शर्यतीनंतर एक-दोन दिवसांनी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मागं रेलून, टाच आपटत उतरलीस तर हा ब्रेक लवकर तापेल. अंग किंचित पुढं, पावलं छोटी आणि भराभर. वळणावर रस्ता ओला असतो, पांढऱ्या पट्ट्यावर पाय देऊ नकोस, तो घसरतो.

एक चांगली गोष्ट अशी की हा स्नायू लवकर शिकतो. एकदा नीट उतार पळून तो दुखला, की पुढचे काही आठवडे तसाच उतार त्याला कमी दुखवतो. म्हणून सगळा सराव शाहू स्टेडियमच्या सपाटीवर करू नकोस. आठवड्यातून एकदा अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं चढ आणि उतरताना पळ. शेवटचा जोराचा उतार शर्यतीच्या दहा-बारा दिवस आधी, त्यानंतर पाय मोकळे ठेव. रविवारचं अंतर सोळा-अठरापर्यंत गेलं तरी पुरे, एकवीस आधीच पळून बघायची गरज नाही.

बुटाचं मात्र ऐक. नवे घेतलेस म्हणालीस, ते आत्ताच घालायला लाग, नाहीतर शर्यतीला जुनेच घाल. उतारावर बोटं पुढं आपटून नखं काळी पडतात, म्हणून तीन दिवस आधी नखं काप आणि घोट्याजवळची नाडी घट्ट बांध. काखेत, मांडीला व्हॅसलीन लाव, पावसात भिजलेला कपडा सोलून काढतो. सकाळी तेच खा जे रविवारी खाऊन पळतेस. पाणी तहान लागेल तसं, घोट-घोट. भीतीपोटी ढोसलेलंही बाधतं.

सुरुवातीला रेटारेटी करून पुढं घुसू नकोस. नंबराच्या कागदाला चिप असते, तुझी वेळ तू सुरुवातीच्या पट्टीवर पाय ठेवलास की सुरू होते. मागं उभं राहून तुझं एक मिनिटही जात नाही.

आणि लोकांचं. पहाटे रस्त्यावर पळताना कोण कसं बघतं हे तू लिहिलंस, ते वाचून वाईट वाटलं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीची, अंतिम फेरी पळाली, जगात दहावी आली. तिच्या आधी ट्रॅकवरच्या एकटीच्या शर्यतीत, प्राथमिक फेरी पार करून ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेली भारतीय बाई म्हणजे १९८४ ची पी. टी. उषा. आपल्याच जिल्ह्यातल्या दुष्काळी मातीत पळून ललिता तिथवर गेली. तुला हा रस्ता कुणाला विचारून वापरायचा नाही. अंधारात एकटी मात्र जाऊ नकोस, आमच्या गटाबरोबर चल. आमच्यात दोन शिक्षिका आणि एक नर्सताई आहेत, त्यांना मी सांगून ठेवलंय.

येत्या रविवारी साडेपाचला समर्थ मंदिरापाशी ये. यवतेश्वरच्या देवळापर्यंत चालत जाऊ आणि पळत उतरू. येताना नवे बूट घालून ये, म्हणजे कुठं लागतात ते त्याच दिवशी कळेल.

तुझा,
काका