भाषाविचार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या सासूबाई ‘गाव’, ‘नाव’, ‘पाच’ हे शब्द स्पष्टपणे नाकातून उच्चारतात. सहावीत शिकणारी नात त्यांना म्हणते, “आजी, इथे अनुस्वार नाही, मग तू नाकात का बोलतेस?” त्यावर सासूबाई सांगतात की त्यांच्या शाळेत हे शब्द अनुस्वार देऊनच लिहीत असत. बरोबर कोण?
(एक वाचक, राजापूर)

उत्तर : सासूबाईंची आठवण अचूक आहे आणि नातीचे लेखनही नियमाला धरून आहे. घोटाळा झाला आहे तो लेखनाच्या नियमावरून आजीच्या उच्चाराची परीक्षा घेतल्यामुळे.

‘गांव’ हा शब्द ‘ग्राम’पासून आला. प्राकृतात तो ‘गाम’ झाला, पुढे त्यातील ‘म’ सैल होऊन ‘व’ उरला, मात्र ‘म’चे नाकातले अंग आधीच्या स्वराला चिकटून राहिले. ‘नामन्’वरून ‘नांव’ झाले ते याच वाटेने. ‘पञ्च’, ‘दन्त’, ‘कण्टक’ यांतील अनुनासिक व्यंजने झिजली आणि ‘पांच’, ‘दांत’, ‘कांटा’ या रूपांत त्यांची खूण शिल्लक राहिली. देशावरच्या बोलण्यातून ही खूण हळूहळू पुसली गेली, तरी लेखनात तो बिंदू दीर्घकाळ टिकून होता. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेल्या आणि १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या नियमांनी हे अनुस्वार काढून टाकले. ‘केळें’, ‘तळें’ अशा नपुंसकलिंगी शब्दांच्या अंती असणारा बिंदूही तेव्हाच गेला. ‘लोकांना’मधला अनुस्वार मात्र अनेकवचनाच्या सामान्यरूपाचा असल्यामुळे कायम राहिला.

काढून टाकलेल्या या अनुस्वारांना व्याकरणात ‘अनुच्चारित’ म्हणतात. ज्यांनी हे विशेषण योजले, त्यांच्या कानांवर दक्षिण कोकणातले बोलणे फारसे पडले नसावे, असे मला नेहमी वाटते. लिहिणाऱ्यांची सोय झाली हे खरे, परंतु पूर्वी होडीची ‘नाव’ आणि माणसाचे ‘नांव’ कागदावर वेगळे दिसत, ते आता दिसत नाही. ‘पाच’ हे रत्न आणि ‘पांच’ ही संख्या यांचेही तेच झाले. तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात गेलात, तर देवनागरी कोंकणीत ‘गांव’, ‘नांव’, ‘दांत’ हे शब्द आजही अनुस्वारासह लिहिलेले आढळतील. नातीने परीक्षेत ‘गाव’ असेच लिहावे. आजीने आपला उच्चार बदलण्याचे काहीच कारण नाही.

प्रश्न : लग्नानंतर मी अलिबाग तालुक्यात आले. येथे शेजारी ‘गाडी’ला ‘गारी’, ‘घोडा’ला ‘घोरा’, ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘डोळा’ला ‘डोला’ म्हणतात. माझा मुलगाही आता तसेच बोलू लागला आहे. ही मुले ‘ड’ म्हणू शकत नाहीत का?
(एक वाचक, अलिबाग)

उत्तर : आपण दिलेल्या उदाहरणांतच उत्तर आहे. ‘डोला’ म्हणताना शेजारी पहिला ‘ड’ अगदी नीट उच्चारतात, म्हणजे जिभेला तो वर्ण मुळीच जड नाही. दोन स्वरांच्या मध्ये सापडला की मात्र त्याचा ‘र’ होतो. आगरी बोलीतील हे तिन्ही बदल, म्हणजे ‘ड’चा ‘र’, ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’, सुटे सुटे पाहिले तर गबाळेपणा वाटण्याचा संभव आहे, परंतु ते एकाच सवयीचे परिणाम आहेत. ड, ण, ळ हे मूर्धन्य वर्ण असून ते उच्चारताना जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावावे लागते. शब्दाच्या मध्यभागी आगरी बोलणारा जीभ मागे न वळवता पुढेच, दातांच्या हिरड्यांजवळ टेकवतो. ‘ण’ आणि ‘ळ’ मराठी शब्दाच्या आरंभी येतच नसल्यामुळे ते सरसकट बदललेले दिसतात, तर आरंभी येणारा ‘ड’ सुरक्षित राहतो. प्रमाण मराठीतही ‘गाडी’तला ‘ड’ आणि ‘डबा’तला ‘ड’ सारखे नाहीत. ‘गाडी’त जीभ टाळूला ओझरता फटका मारून खाली येते, आणि तेथून ‘र’ फार लांब नाही.

या सवयीमुळे ‘काळा’ आणि गोकुळाष्टमीचा ‘काला’ यांचा उच्चार एकच होतो, तरी संदर्भ असल्याने कोणाचे अडत नाही. मुलाविषयी म्हणाल, तर तो घरात एक आणि अंगणात एक असे दोन्ही उच्चार सांभाळेल. मुलांना ते जमते. त्याला प्रत्येक शब्दाला अडवू नये, एवढीच विनंती.

प्रश्न : ‘सोलकढी’ की ‘सोलकडी’? खानावळींच्या पाट्यांवर दोन्ही दिसतात.
(एक वाचक, मालवण)

उत्तर : लिहिताना ‘सोलकढी’, कारण ‘कढी’ हा शब्द ‘कढणे’ या क्रियापदापासून आला आहे. (नारळाचे दूध आणि कोकमाचा आगळ यांची ही कढी सहसा चुलीवर चढतच नाही, हा भाग निराळा.) बोलताना मात्र शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी येणारा महाप्राण, म्हणजे ‘ह’ मिसळलेला, वर्ण किनारपट्टीवर सौम्य होतो, म्हणून ‘दूध’चे ‘दूद’ आणि ‘वाघ’चा ‘वाग’ ऐकू येतो. ज्यांना हे खटकते, त्यांनी स्वतःचा ‘हात’ पाहावा. प्राकृतात तो ‘हत्थ’ होता, हिंदीत अजूनही ‘हाथ’ आहे, आणि त्यातला ‘ह’कार प्रमाण मराठीनेच कधीचा टाकून दिला आहे. हिंदीतील ‘भूख’ची ‘भूक’ आणि ‘सूखा’चा ‘सुका’ आपण सगळेच म्हणतो.