नऊ ब्लाइंड घेऊन बसलेल्या पोरास

बाळा,

तू पाठवलेले पोकर टूर्नामेंटचे डाव बघितले. खाली लिहिलंयस, "काका, एक्का-राणी असून बाहेर गेलो, नशीबच फुटकं." उगाच एक्का-राणीला दोष देऊ नकोस. टूर्नामेंट तू त्या डावात घालवली नाहीस. त्याच्या सतरा डाव आधी बटनवर (पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवर) हातात राजा-नव्वी ही दोन पानं आली होती आणि तू फोल्ड दाबून ती सोडलीस, तिथे घालवलीस.

आकडे मांडून बघ. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघायच्या आधी दोघांनी सक्तीने भरायच्या चिप्स, 1,000/2,000 (स्मॉल आणि बिग), शिवाय बिग ब्लाइंडवाल्याने भरायची 2,000 ची अँटी, ही त्यावरची सक्तीची भर. म्हणजे कुणी काही करायच्या आधीच मध्ये 5,000 पडलेले. तुझ्याकडे 18,000, नऊ बिग ब्लाइंड. तुझ्यापर्यंत सगळ्यांनी सोडलेलं, तुझ्या मागे खेळायचे फक्त दोघे. तू सोडलंस. नऊ जणांची एक फेरी फिरली, 5,000 गेले, राहिले 13,000. तेवढ्यात लेव्हल, म्हणजे ब्लाइंडचा टप्पा, बदलली, 1,500/3,000. नवाचे सव्वाचार झाले. पुढच्या बिग ब्लाइंडला अँटीसकट 6,000 गेले, हातात 7,000. त्यावर एक्का-राणी आली, ऑल-इन, म्हणजे होतं ते सगळं, लावलंस आणि तिघांनी कॉल केलं, म्हणजे तेवढंच घातलं. का नाही करणार? सव्वादोन ब्लाइंडला घाबरतो कोण? तिघांसमोर एक्का-राणीसुद्धा निम्म्याहून कमी वेळा जिंकते.

"मोठं पान यायची वाट बघत होतो," असंही लिहिलंयस. हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. 52 पानांतून दोन पानं 1,326 प्रकारे येतात. त्यांत एक्क्यांची, राजांची, राण्यांची जोडी प्रत्येकी 6 प्रकारे आणि एक्का-राजा 16 प्रकारे. सगळे मिळून 34. म्हणजे सरासरी 39 डावांत एकदा. 39 डाव म्हणजे चार फेऱ्यांहून जास्त, आणि एका फेरीला अडीच ब्लाइंड जातात. तुझं ते मोठं पान सरासरी दहा-अकरा ब्लाइंड खाऊन येणार. तुझ्याकडे होते नऊ. वर ब्लाइंड दर लेव्हलला वाढतात, तो हिशोब मी धरलेलाच नाही.

रमी तू लहानपणापासून बघतोयस. 101 गुणांना बाहेर काढणाऱ्या पूलमध्ये पहिला ड्रॉप, म्हणजे न खेळताच पत्ते टाकणं, 20 गुणांचा. पत्ते बरे नाहीत म्हणून प्रत्येक डाव ड्रॉप करत बसलास तर पाच डावांत शंभर, सहाव्याला उठायचं. तिथे हे तुला कुणी शिकवावं लागत नाही. मग पोकरमध्ये अक्कल कुठे जाते?

आता राजा-नव्वीचा हिशोब, कारण माझं म्हणणं सगळं त्यातच आहे. नऊ ब्लाइंड लावलेस आणि दोघांनी सोडलं, तर अडीच मिळाले. नवाचे साडेअकरा झाले, पान न उघडता. कुणी कॉल केलं तर पॉट, म्हणजे मध्ये जमलेलं सगळं, साडेएकोणीसचा. त्यात तू शंभरात फक्त 35 वेळा जिंकतोस असं धर. सरासरी तुझ्या वाट्याला 6.8 येतात, नुकसान सुमारे 2.2. म्हणजे शंभरात 47 वेळा दोघांनी सोडलं की बरोबरी झाली. प्रत्येकजण चारांत एकदा कॉल करणारा असेल तर दोघेही सोडण्याचं प्रमाण 56 येतं. दर वेळी जवळपास अर्धा ब्लाइंड तुझा फायदा. आणि तू त्यावर फोल्ड दाबलंस.

म्हणून सांगतो, आधी आपण लावायचं. लावणाऱ्याला जिंकायच्या दोन वाटा असतात: समोरच्याने सोडलं तर एक, पान चाललं तर दुसरी. कॉल करणाऱ्याला एकच. हे ज्याला पटत नाही त्याला पुढचं काही शिकवून उपयोग नाही.

कुठून लावतोयस त्यावर पान ठरतं. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या जागेवरून तुझ्या मागे आठ जण असतात. तिथे दहा ब्लाइंडला मधली-मोठी जोडी, एक्का-दश्शी आणि त्यावरचं एवढंच बघ. बटनवर कोणतीही जोडी, कोणताही एक्का, राजाबरोबर अठ्ठी-नव्वी किंवा वरचं पान, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी. स्मॉल ब्लाइंडवरून मागे एकच माणूस, तिथे आणखी सैल. हलका एक्का, म्हणजे लहान पानाबरोबरचा, चालतो याला कारण आहे. एक एक्का तुझ्या हातात असला की समोर एक्क्यांची जोडी असायचे 6 प्रकार 3 वर येतात, एक्का-राजाचे 16 चे 12. कॉल करणारे पत्तेच कमी झाले. पण कॉल आलाच तर एक्का-चव्वीची गत वाईट. एक्का-राजासमोर एकाच रंगाची नव्वी-अठ्ठी 40 टक्क्यांच्या आसपास जिंकते, एक्का-चव्वी त्याहून बरीच कमी.

आठ-दहा ब्लाइंडवर दोन ब्लाइंडचा रेझ करून, म्हणजे बोली वाढवून, मग समोरून ऑल-इन आलं की सोडायचं, हा तुझा आणखी एक आवडता प्रकार दिसला. पाचवा हिस्सा दान. कुणाच्या रेझला नुसतं कॉल करून फ्लॉप (मध्ये उघडणारी पहिली तीन पानं) बघणं तर त्याहून वाईट. जोडी नसलेल्या दोन पानांना फ्लॉपवर जोडी तीनांत एकदा लागते. दोनदा हात हलवत परत.

12 ते 18 ब्लाइंड असतील तेव्हा मात्र खरी मजा आहे, आणि तू तिथेच सर्वांत भित्रा खेळतोस. कुणी शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या जागेवरून 2.2 चा रेझ केला की मध्ये 4.7 झाले. 15 वर ऑल-इन लावलंस आणि सगळ्यांनी सोडलं की 15 चे जवळपास 20. फक्त माणूस बघून लाव. 25-30 ब्लाइंडवाला सोडू शकतो, कारण हरला तर त्याचं कंबरडं मोडतं. ज्याने स्वतःच आठ ब्लाइंडमधून दोन घातलेत तो सोडणार नाही. आणि सगळ्यांना कॉल करत सुटलेल्या मोठ्या स्टॅकवाल्याला (स्टॅक म्हणजे समोरचा चिप्सचा ढीग) हात लावायचा तर पानच हवं.

फुकट चिप्सच्या टेबलावर लोक फार कॉल करतात, तिथे हे चालत नाही, असं तू म्हणशील. थोडं खरं आहे. तिथे नव्वी-अठ्ठीसारखे पत्ते गाळ, एक्का-राजा-राणीचे ठेव. समोरचा हलक्या पत्त्यांवर कॉल करतो तेव्हा तुझी राजा-नव्वीही जास्त वेळा जिंकते, हे विसरू नकोस. लावायचं तर आपणच.

बबलवर (बक्षिसांच्या जागा सुरू व्हायच्या अगदी आधी) आणि फायनल टेबलवर फरक पडतो, पण लोक समजतात तिथे नाही. तिघे उरलेत, सारख्या चिप्स, बक्षिसं 50, 30 आणि 20 अशी समज. प्रत्येकाच्या स्टॅकची किंमत 33.3. एकाने दुसऱ्याला उडवून चिप्स दुप्पट केल्या तर त्याची किंमत होते 43.3, दुप्पट नव्हे. हरणाऱ्याला 20. म्हणजे 10 मिळवायला 13.3 लावायचे. असा ऑल-इन कॉल करायला 57 टक्के जिंकायची खात्री लागते. हा आकडा कॉल करणाऱ्याच्या डोक्यावर बसतो, म्हणून बबलवर लोक जास्त सोडतात, म्हणून तिथे लावणाऱ्याचं फावतं. लावणं सैल, कॉल घट्ट. तू नेमका उलटा: लावताना थरथरतोस आणि कुणी लावलं की "बघू तरी" म्हणून एक्का-सत्तीने कॉल करतोस. सॅटेलाइट, म्हणजे जिथे बक्षीस म्हणून दुसऱ्या टूर्नामेंटचं तिकीट मिळतं, तेवढा वेगळा. पहिल्या दहांना सारखंच तिकीट असेल आणि अकरा उरले असतील, तर एक्क्यांची जोडीसुद्धा सोडायची वेळ येऊ शकते.

इकडे काही पोरं म्हणतात, काका सगळ्यांना लवकर मरायला शिकवतात. म्हणू देत. टेबलावर बसून राहणं हा खेळ असता तर ब्लाइंड वाढवायचं कारणच काय होतं? दोन ब्लाइंडवर घसटत पाच जागा वर सरकायचं आणि "बबल पार केला" म्हणून चहाच्या गाड्यावर सांगत फिरायचं, त्यापेक्षा नऊवर लावून दहांत चारदा बाहेर गेलेला मला चालतो. उरलेल्या सहांत तो वरच्या तीनांत यायच्या स्टॅकवर असतो.

सेटिंगमध्ये स्टॅक बिग ब्लाइंडमध्ये दिसेल असं करून ठेव, अठरा हजाराचा आकडा माणसाला श्रीमंत वाटायला लावतो. लेव्हलचं घड्याळ बघत जा. पाच मिनिटांच्या लेव्हलला पाच-सहा डाव होतात, एक फेरीसुद्धा पुरी होत नाही. पुढच्या डावाला ब्लाइंड वाढणार असतील तर आजचे आठ उद्याचे सहा आहेत असं धरूनच खेळ. पावसाळ्यात तुमच्या खानापूर-जांबोटीकडे लाईट कधी जाईल नेम नाही. राउटरला छोटा यूपीएस लाव, फोनचा डेटा तयार ठेव. नेट गेलं की वेळ संपताच सॉफ्टवेअर तुझे पत्ते सोडून देतं आणि ब्लाइंड मात्र भरत राहतं.

पैशांचं एकदाच सांगतो. कर्नाटकाने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर 2021 मध्ये घातलेली बंदी उच्च न्यायालयाने 2022 मध्ये रद्द केली होती, त्याकडे बोट दाखवून लिंक पाठवणारे भेटतील. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने केलेला कायदा वेगळा आहे. पैसे लावून ऑनलाइन खेळवणं त्याने बंद केलं, पोकरसकट. टेलिग्रामवरच्या परदेशी अ‍ॅपात पैसे भरलेस तर ते परत मिळवायला कुणाच्या दारात उभा राहणार? आणि चोर्ला घाट उतरून पणजीच्या कॅसिनोत जायचा जो बेत मित्रांनी केलाय, तो यंदा तरी राहू दे. बटनवर राजा-नव्वी सोडणाऱ्याने तिथे जाऊन काय करायचंय?

पुढच्या वेळी शेवटचा हरलेला डाव पाठवू नकोस, तो मला बघायचा नाही. स्टॅक 15 ब्लाइंडच्या खाली गेल्यापासूनचे सगळे डाव पाठव. त्यातही बटन आणि स्मॉल ब्लाइंडवर सोडलेले आधी, प्रत्येकापुढे मागे किती माणसं होती, त्यांचे स्टॅक किती आणि लेव्हल बदलायला किती मिनिटं होती ते लिहून. रविवारी दुपारी फोन कर, तेव्हा एकेक घेऊ.

तुझा,
काका