लॅपटॉप बॅलन्स अँपला जोडला, पण बुवा कुठं गेले?

सेलूच्या दादांचा प्रश्न थोडक्यात असा: गावच्या सप्त्यासाठी नवा अँप (अँप्लिफायर) घेतला, त्याला फक्त एक्सएलआरचे, म्हणजे माईकसारख्या तीन पिनांच्या गोल जोडणीचे, बॅलन्स इनपुट आहेत. लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटमधून बाजारातली तयार ईपी-एक्सएलआर वायर (ईपी म्हणजे हेडफोनची बारकी पिन) लावली, तर टाळ-मृदंग अर्धवट ऐकू येतात आणि गाणारा जवळजवळ गायब. वर चार्जर लावला की गूंऽऽ सुरू. अँप परत करावा का?

करू नका दादा. अँप चांगला आहे. भानगडी दोन आहेत आणि दोन्ही वायरीतल्या आहेत.

आधी बुवांचं बघू. बॅलन्स इनपुट २ आणि ३ नंबरच्या पिनांमधला फरक तेवढा वाजवतो. १ नंबर म्हणजे जाळी, वायरीवरचं धातूचं विणलेलं आवरण. तुमच्या तयार वायरीत लॅपटॉपचा डावा चॅनल २ वर येतो आणि उजवा ३ वर. गाणारा रेकॉर्डिंगमध्ये मधोमध असतो, म्हणजे दोन्ही चॅनलमध्ये अगदी सारखा. सारख्यातून सारखं वजा केल्यावर काय उरणार? जे एका बाजूला सरकवलेलं आहे ते, आणि थोडी गुंज. वायर खराब नाही, ती बॅलन्स आउटपुट असलेल्या यंत्राची आहे. लॅपटॉपला ती चालत नाही.

मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. गंगाखेडकडच्या एका गावात पहाटेच्या काकड्याआधी हरिपाठ लावायचा होता, जुन्या मोनो कॅसेटवरून उतरवलेला. मोनो म्हणजे दोन्ही चॅनल तंतोतंत एक, त्यामुळं स्पीकरमधून शून्य आवाज. मी फ्यूज बघितला, अँप बदलला, स्पीकरच्या वायरी हलवल्या. ओट्यावरून एक म्हातारबाबा विचारतात, "बुवा झोपले का रे?" वैतागून लॅपटॉपची पिन ओढायला गेलो, ती अर्धी बाहेर आली आणि बुवा एकदम गायला लागले! नंतर डोक्यात उजेड पडला: पिन एक घर मागं सरकली, टोकाला उजवा चॅनल लागला आणि मधल्या कड्याला ग्राउंड. जोडणी नकळत बरोबर झाली होती. तो दिवस पिनला चिकटपट्टी लावून काढला.

आता गूं. ते आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं आहे. चार्जर तीन पिनांचा असेल तर लॅपटॉपला अर्थ (अर्थिंग) मिळतो, अँपला त्याच्या प्लगमधून मिळतो, आणि मधली जाळी या दोघांना जोडून फेरा पुरा करते. जाळीतून थोडा करंट फिरतो. जिथं जाळी हीच सिग्नलची परतीची वाटही असते, तिथं हा करंट गाण्यात मिसळतो. म्हणूनच एक्सएलआरमध्ये १ आणि ३ एकत्र डाग देऊन (सोल्डर करून) मोकळं होणं मला पटत नाही. आवाज येतो, पण बॅलन्स इनपुटचा फायदा तिथंच संपतो.

वायर घरी बनवा. दुकानात माईकची वायर मागा: आत दोन तारा, वर जाळी. समजा तारा लाल आणि पांढरी आहेत. अँपकडं लाल २ ला, पांढरी ३ ला, जाळी १ ला. लॅपटॉपकडं ईपी स्टिरिओ पिनच्या टोकापासून १ के ओमचा एक रेझिस्टर आणि मधल्या कड्यापासून दुसरा तसाच, दोन्हींची दुसरी टोकं लाल तारेला. डावा-उजवा थेट एकमेकांना जोडू नका, दोन आउटपुट आपसात भांडतात. जाळी थेट पिनच्या बुडाला, म्हणजे ग्राउंडला. पांढरी तारही तिथंच, पण ४७० ओममधून. लाल तारेच्या वाटेत दोन १ के समांतर आहेत, म्हणजे ५०० ओम. पांढरीच्या वाटेतही साधारण तेवढंच असलं की दोन्ही तारांवर घरघर सारखी बसते आणि अँप ती वजा करून टाकतो. ज्या वजाबाकीनं बुवांना खाल्लं, तीच इथं कामाला येते.

रेझिस्टर ईपी पिनच्या टोपणात मावत नाहीत. छोट्या डबीत घाला.

डाग देऊन झाला की वायर दोन्हीकडून काढून मीटर लावा. टोक ते २ नंबर १ के, मधलं कडं ते २ नंबरही १ के, बूड ते ३ नंबर ४७०, बूड ते १ नंबर शून्य. टोक ते ३ नंबर काहीच दाखवायला नको.

आवाज थोडा कमी वाटेल. घरगुती यंत्रांची पातळी ०.३१६ व्होल्टच्या आसपास धरतात, व्यावसायिक यंत्रांची १.२३, जवळपास १२ डेसिबलचा फरक. लॅपटॉपचा व्हॉल्यूम चढवा, अँपचा गेन बघा. मिक्सरच्या माईक इनपुटला जोडणार असाल तर आधी ४८ व्होल्टचा फँटम (माईकला वायरीतूनच वीज देणारी सोय) बंद आहे ना, ते बघा.

एवढं करूनही गूं राहिलं, किंवा अँप मंडपाच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर लॅपटॉपजवळ १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर किंवा डीआय बॉक्स (साधा सिग्नल बॅलन्स करून देणारी डबी) ठेवा आणि तिथून पुढं बॅलन्स वायर न्या.

पण प्लगची अर्थची जाड पिन कापू नका. आपल्याकडं हा उपाय सर्रास करतात आणि गूं जातंही, म्हणूनच तो वाईट. उद्या अँपच्या बॉडीत करंट उतरला तर जाळीतून तो माईकपर्यंत जातो, आणि माईक बुवांच्या ओठाला लागलेला असतो, पाय ओल्या जमिनीवर.

सप्ता उद्याच बसत असेल तर तयार वायर घालू नका. दोन्ही चॅनल सारखे असलेलं मोनो रेकॉर्डिंग असेल, तर साध्या वायरीनं एकच चॅनल २ ला आणि ग्राउंड १ व ३ ला द्या. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा, हरिपाठापुरती ती पुरते.